फळ्याचा खालचा भाग

बाराशे पोरांच्या त्या कॅथलिक प्राथमिक शाळेत शिक्षण कसं चाललंय हे बघायला दरवर्षी तीन साहेब यायचे. फायली चाळायचे, हजेरीपट बघायचे, चहा प्यायचे आणि "उत्तम" असा शेरा मारून जायचे. शाळेत साफसफाई करणाऱ्या मावशीला फायली कुणी दाखवत नसे, आणि चहा करून द्यायचं काम तिचंच होतं. पण पहिल्या मजल्यावरचे पंधरा फळे रोज संध्याकाळी तीच ओल्या फडक्यानं पुसत आली होती, एकतीस वर्षं. त्यामुळे तिचा शेरा वेगळा होता.

तिचा हिशोब सोपा होता. फळ्याचा वरचा भाग बाईंचा, खालचा पोरांचा. खाली खडू दिसला की समजायचं, आज इथं पोरं उठली, फळ्यापाशी आली, काहीतरी बरोबर-चूक लिहून गेली. खाली काळंभोर दिसलं की समजायचं, पोरं दिवसभर बसली.

तिसरीच्या अ तुकडीचा फळा लग्नपत्रिकेसारखा असायचा. रंगीत खडूची वेलबुट्टी, मोत्यासारखं अक्षर, निकाल शंभर टक्के. या तुकडीत घालायला पालक मोठ्या सिस्टरांच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, दाराशी खेटे घालायचे. खालच्या भागाला मात्र वर्षानुवर्षं खडू शिवला नव्हता. मावशी तिथं फडकं फिरवायची ते रीत म्हणून.

ड तुकडीचा फळा कोंबड्यांनी उकरल्यासारखा. त्या वर्गात फार गलका असतो अशी पालकांची तक्रार होती, आणि ती खरी होती. इतर बाई सुविचाराला चौकट करून "पुसू नये" लिहायच्या. ड च्या बाई एखाद्या चुकलेल्या गणिताला चौकट करायच्या आणि बाजूला लिहायच्या, "पुसू नका, उद्या ज्याचं त्यानंच सुधारायचं आहे." मावशी चौकट सोडून बाकी पुसायची. दुसऱ्या दिवशी ते गणित सुधारलेलं असायचं, त्याच वाकड्या अक्षरात.

यंदा मावशीची नात तिसरीत जायची होती. घरी तिच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू, आणि शाळेत दोन वर्षांत ती एक अक्षर बोलली नव्हती. प्रगतिपुस्तकावर शेरा होता, "शांत व आज्ञाधारक." तिच्या आईला तो वाचून आनंद झाला. मावशीनं प्रगतिपुस्तक मिटून ठेवलं. ती स्वतः शाळेत चार वर्षं शांत व आज्ञाधारक राहिली होती, आणि मग हातात फडकं आलं होतं.

जूनमध्ये शाळा उघडल्या उघडल्या मोठ्या सिस्टरांनी मावशीला ऑफिसात बोलावून सांगितलं, की एवढ्या वर्षांच्या सेवेची आठवण ठेवून नातीला अ तुकडीत जागा दिली आहे. मावशीनं आभार मानले आणि ड मागितली. सिस्टरांना वाटलं, ही संकोच करतेय. नम्रता हा मोठा गुण आहे, पण नातीच्या बाबतीत तो बाजूला ठेवा, असं त्यांनी समजावलं. घरी लेकीनं तर तोंडसुख घेतलं, की लोक ज्यासाठी रांगा लावतात ते हिला फुकट मिळतंय, तर ही लाथाडायला निघाली.

दुसऱ्या दिवशी मावशीनं एकही फळा पुसला नाही. सहा वाजता ती सिस्टरांना घेऊन वर आली. सिस्टर कामचुकारपणाबद्दल बोलायच्या बेतात होत्या. मावशीनं त्यांना पंधरा वर्ग फिरवले आणि प्रत्येक फळ्याच्या खालच्या भागाकडे नुसतं बोट दाखवलं. तेरा काळे. एकावर थोडं काहीतरी. ड च्या फळ्यावर बेरजा, खाडाखोड, आणि एका छोट्या पंजाचा ठसा.

सिस्टर त्या ठशापाशी वाकल्या. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं बघताय तुम्ही हे, आणि एकदाही बोलला नाहीत?"

"माझं काम पुसायचं आहे, सिस्टर."

नातीला ड मिळाली. शिवाय सूचना निघाली, की रोज निदान पाच मुलं फळ्यापाशी आलीच पाहिजेत, आणि सिस्टर संध्याकाळी स्वतः बघतील. आठवड्याभरात पंधराच्या पंधरा फळ्यांवर खाली खडू दिसू लागला. सिस्टर खूश झाल्या. मावशी झाली नाही. अ च्या फळ्यावरची पाचही गणितं बरोबर होती, आणि पाचही एकाच हाताची. आठ वर्षांची पाच पोरं एका दिवशी एकदाही चुकत नाहीत, हे मावशीला पटण्यासारखं नव्हतं.

त्याच सुमारास अ च्या बाईंची कंबर धरली. शाळा सुटल्यावर त्या मावशीकडे मलम मागायला आल्या. मावशीनं मलम दिलं. कुणाला सांगायला ती गेली नाही, चहाडी तिच्या रक्तात नव्हती. एवढंच म्हणाली, "बाई, पोरांनाच बोलवा की. त्यांना वाकावं लागत नाही."

बाईंनी तिच्याकडे जरा रोखून बघितलं आणि मलम घेऊन गेल्या. पण कंबर काही ऐकेना. सोमवारपासून अ च्या फळ्यावर चुका दिसू लागल्या. त्या शाळेत शिक्षण सुधारलं त्यात सूचनेचा वाटा किती आणि कंबरेचा किती, हे कुठल्या फायलीत लिहिलेलं नाही.

ड च्या फळ्यावर मात्र मावशी रोज एकच अक्षर शोधायची. नातीच्या दोनाचं शेपूट नेहमी पुढच्या आकड्याच्या पायात यायचं. दोन महिने ते कुठं दिसलं नाही. मावशीला वाटू लागलं, की आपलंच चुकलं, उगीच शहाणपणा केला. लेक रोज विचारायची, "मिळाली ना ड? बोलली का पोरगी?"

मग एका संध्याकाळी फळ्याच्या अगदी खालच्या कडेला चौकट दिसली. बावन्न वजा सत्तावीस, पस्तीस. साफ चूक. दोनाचं शेपूट साताच्या पायात. बाजूला बाईंचं अक्षर, "पुसू नका."

मावशी खाली बसली. डोळे पुसायला हातात ओलं फडकंच होतं, खडूनं भरलेलं, तेच लावलं. नंतर तिनं चौकटीच्या कडेकडेनं सगळा फळा पुसला. घरी गेल्यावर ती नातीला काही बोलली नाही. नातही त्या गणिताबद्दल बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी चौकटीत पस्तीसवर काट होती आणि खाली पंचवीस लिहिलं होतं, त्याच शेपटाच्या दोनानं. "पुसू नका" ही अक्षरं बाईंनी खोडली होती. आता ते पुसायला हवं होतं. मावशीनं त्या दिवशी बाकीचे चौदा फळे आधी पुसले.