दोनदा वर झालेला हात

थोरकिल्ड लोहाराला उभ्या आयुष्यात कुणी गोंधळलेला पाहिला नव्हता. लिमफ्योर्ड खाडीच्या पश्चिमेला, जिथे झाडंसुद्धा वाऱ्याकडे पाठ करून वाकडी वाढतात, तिथल्या हेडेगोर गावात त्याची भट्टी होती. नांगर मोडो की फाटक निखळो, लोक त्याच्याकडे यायचे. तो वस्तू हातात फिरवून बघायचा आणि म्हणायचा, "होईल." मग ते झालंच म्हणून समजायचं.

तेलाची टंचाई आली, रविवारी गाड्या बाहेर काढायच्या नाहीत असा हुकूम निघाला, त्यानंतरच्या वर्षांत त्याला पवनचक्कीचा नाद लागला. जुन्या ट्रकचा गिअरबॉक्स, भंगारातले ब्रेक आणि होड्या बांधणाऱ्याकडून करून घेतलेली पाती. पहिली चक्की पहिल्याच वादळात आडवी झाली. गाव पोट धरून हसलं. दुसरी मात्र टिकली, आणि हसणारेच मग हळूच येऊन विचारायला लागले. शेवटी घराघरांनी मिळून मंडळ काढलं आणि टेकाडावर सगळ्यांच्या मालकीची चक्की उभी केली. त्या दिवशी शेजारची किर्स्टीन कॉफी वाटता वाटता किटली खाली ठेवून दोर ओढायला धावली होती. अणुवीज नको म्हणून मोर्चे निघायचे, त्यातही ती पुढे असायची. चक्की फिरायला लागली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "तसं वाईट नाही." त्या मुलखात यापेक्षा मोठं कौतुक नसतं.

पुढे चक्क्या वाढत गेल्या. आधी दर टेकाडावर एक, मग रांगाच्या रांगा, मग समुद्रातसुद्धा. लोहारांच्या हातातून त्या कारखान्यांच्या हातात कधी गेल्या, ते थोरकिल्डला कळलंही नाही. वाईट वाटलं नाही. त्याची मुलगी सिग्ने शिकून अशाच एका कंपनीत लागली, तेव्हा तर त्याने भट्टीवर झेंडा चढवला होता.

आणि मग सिग्नेच्याच कंपनीने हेडेगोरचं टेकाड मागितलं. मंडळाची म्हातारी चक्की आणि आसपासच्या लहानसहान चक्क्या काढायच्या, आणि त्यांच्या जागी अजस्र अशा चारच उभ्या करायच्या. चर्चचा मनोरा त्यांच्या गुडघ्याला लागणार. मंडळाने सभेत हात वर करून ठरवायचं होतं.

किर्स्टीन दुसऱ्याच दिवशी आली. चपला न काढता थेट स्वयंपाकघरात. तिचं घर टेकाडाला सगळ्यात जवळचं.

"थोरकिल्ड, दुपारभर माझ्या टेबलावरून सावली फिरत राहणार. खप, खप, खप. सुरीने कापल्यासारखी. मी काय करू, डोळे मिटून ब्रेड खाऊ?"

"पडदा..." तो म्हणाला.

"पडदा तू लाव तोंडाला! सभेत माझ्या बाजूने बोलशील की नाही?"

"बोलेन," तो म्हणाला. आणि खरंच म्हणाला.

संध्याकाळी सिग्नेचा फोन आला. "बाबा, तुमचं ऐकतात लोक. ही एक चक्की तुमच्या जुन्या चक्कीसारख्या पन्नासांची वीज काढेल. तुम्हाला हेच हवं होतं ना? सभेत बोलाल?"

"बोलेन," तो म्हणाला. हेही खरंच.

रग्ना, त्याची बायको, बटाटे सोलत सगळं ऐकत होती. "वा! दोन्ही मांडवांत नवरदेव एकच," ती म्हणाली. "काय बोलणार आहेस तरी?"

"तेच कळत नाहीये."

"चाळीस वर्षं मी तुझ्या तोंडून हे वाक्य ऐकायची वाट बघितली. आलं तेही नको तेव्हा."

सभेपर्यंतचे दिवस त्याने कसे काढले, त्याचं त्यालाच माहीत. टेकाडावर जायचा, जुन्या चक्कीला हात लावायचा. सिग्नेचं बरोबर होतं. समुद्र वर येतोय, कोळसा जाळून चालणार नाही, आणि वारा तर दारात फुकट उभा आहे. मग परत येताना किर्स्टीनच्या खिडकीवरून जायचा, तर तिचंही बरोबर असायचं. दोघी बरोबर असतील तर चूक कुणाची? लोखंडाचं असं नसतं. तडा असतो किंवा नसतो.

सभा गावच्या सभागृहात होती. तीन थरांचे केक होते, कॉफी होती, आणि एरवी एकमेकांच्या ताटातलं खाणारी माणसं दोन भिंतींना वेगवेगळी बसली होती. थोरकिल्ड मधल्या खुर्चीवर. सिग्ने पुढे, कंपनीची चित्रं दाखवायच्या पडद्याशी होती, किर्स्टीन खिडकीशी. त्याचं नाव पुकारलं गेलं. तो उठला. टोपी हातात फिरवली, मोडकी वस्तू फिरवावी तशी.

"मी दोघींना हो म्हटलंय," तो म्हणाला. "दोघींशीही खोटं नाही बोललो. आपण ती चक्की उभी केली, तेव्हा ती आपली होती आणि आपल्याएवढीच होती. आता ती आपल्याएवढी राहून भागत नाही, हे मला कळतं. पण मग ती आपली कशी राहील, हे नाही कळत. मला उत्तर येत नाही." आणि तो खाली बसला.

"हे काय बोलणं झालं?" मागून एकजण म्हणाला. दुसऱ्या भिंतीकडूनही तसंच काहीतरी आलं. त्या सभेत दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते एवढ्याच बाबतीत.

मग मतदान. नव्या चक्क्यांच्या बाजूने हात वर करा म्हटलं, आणि थोरकिल्डचा हात वर झाला. विरुद्ध कोण म्हटलं, आणि पुन्हा तोच हात वर गेला. अध्यक्ष चष्म्यावरून बघत म्हणाला, "थोरकिल्ड, दोनदा नाही चालत रे."

"मग एकदाही मोजू नकोस."

ठराव तसाही आरामात पास झाला. त्याच्या हाताने काही अडलं नाही, काही घडलंही नाही. हेच त्याला सगळ्यात जास्त लागलं.

सिग्ने पार्किंगमध्ये त्याच्याजवळ आली. तो शिव्या खायच्या तयारीने उभा होता. ती म्हणाली, "बाबा, मलाही त्या घराचं वाईट वाटतं. मी किर्स्टीनच्या मांडीवर वाढले. पण मी ते तिथे पडद्यापुढे कसं म्हणू?" त्याने तिची पाठ थोपटली. तिला बरं वाटावं म्हणून की आपल्याला, हे काही त्याला ठरवता आलं नाही.

किर्स्टीनचं घर कंपनीने विकत घेतलं, पाडण्यासाठी. सामान हलवायला थोरकिल्ड गेला, तिने नको म्हटलं नाही, पण बोललीही नाही. कपाट जिन्यात अडकलं तेव्हा मात्र तिच्याच्याने राहवलं नाही. "डावीकडे घे, मठ्ठा! दोन्हीकडे एकदम नसतं ओढायचं!" आणि मग ती हसली, आणि हसता हसता पायरीवर बसून रडली. तो कपाट पेलून तसाच उभा राहिला.

जुनी चक्की क्रेनने अर्ध्या दिवसात उतरवली. नव्या उभ्या राहिल्या. सकाळी कॉफी घेताना तो त्यांच्याकडे बघायचा. कधी त्या सावकाश फिरताना इतक्या देखण्या दिसायच्या की छाती भरून यायची. कधी आभाळच कुणीतरी नेल्यासारखं वाटायचं. रग्ना विचारायची, "आज काय?" आणि तो खांदे उडवायचा.

पानगळीच्या दिवसांत तो शहरात किर्स्टीनच्या फ्लॅटवर गेला. तिने राईच्या ब्रेडवर हेरिंग मासा वाढला, स्वतःला एक छोटा पेला ओतला, त्यालाही ओतला. बराच वेळ तिने गावचं सगळं विचारलं, तेवढं सोडून. शेवटी पेल्याकडे बघत म्हणाली, "कशा दिसतात रे त्या?"

"रोज वेगळ्या."

"आज कशा होत्या?"

थोरकिल्डने खूप विचार केला. "आज धुकं होतं," तो म्हणाला. "दिसल्याच नाहीत."