छडीच्या तालावरची कविता

सपकन्! साठ वर्षांपूर्वीचा छडीचा आवाज आज नाशिकच्या आमच्या वाचनकट्ट्यावर पुन्हा कानात वाजला, मित्रहो.

मी एका नव्या अमेरिकन कादंबरीवर बोलत होतो. कापसाच्या मळ्याच्या मालकाने रोजनिशीत एकच ओळ लिहिलेली असते, ‘आज गुलामाला शिस्त लावली.’ लेखिकेने तोच दिवस गुलामाच्या तोंडून सांगितलाय. पाठ सोलून निघते, रक्त टाचेपर्यंत ओघळतं.

"अप्पा, इतिहास असा मनाने रचतात का?" आमचे वकीलसाहेब उखडले.

मग मी माझीच ओळ सांगितली. शाळेच्या स्मरणिकेत मी लिहिलं होतं, ‘गुरुजींनी कविता आमच्या अंगात भिनवली.’ कशी, ते लिहिलं नव्हतं. कोणी ओळ चुकला की छडी बसायची आणि मार संपेपर्यंत बाकी वर्गाने तीच कविता चालीवर म्हणत राहायची. पेठ तालुक्यातल्या आदिवासी पाड्यावरच्या काशिनाथने एक शब्द त्याच्या बोलीत म्हटला. त्याचं बोट मोडलं, पाटी लाल झाली. तेव्हा सगळ्यात मोठा आवाज माझा होता. ती कविता मला अजून आवडते, हे जास्त वाईट.

सांगा, तुमच्या गोड आठवणीत कोणाचं रक्त पुसून टाकलंय?

एवढं टाइप केलं आणि बेल वाजली. दारात गुरुजींची मुलगी, सत्तरीला आलेली. कट्ट्यावरून कोणीतरी कळवलं असणार. आता ही भांडणार म्हणून मी आधीच हात जोडले.

तिने बाही वर केली. कोपराचं हाड वाकडं जुळलेलं होतं.

"अप्पा, घरी मार बसताना तर कोणी कविताही म्हणत नव्हतं. हेही लिहा."