भुताचा खुलासा

यिन देमाओनं जितकी भुतं मारली, तितकी चीनमधल्या छूशियोंगच्या सगळ्या मांत्रिकांनी मिळूनही मारली नसतील. मारली म्हणजे लिहून मारली. मोबाइलवर बघायचे स्वस्तातले भयपट लिहिणं हा त्याचा धंदा, आणि पडद्यावरचं भूत खरं निघता कामा नये हा सरकारी दंडक. त्यामुळे सिनेमाभर एखाद्या बाईला केस मोकळे सोडून फिरवायचं आणि शेवटी पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरनं येऊन सांगायचं, की ते स्वप्न होतं, किंवा नायकाच्या डोक्यात बिघाड होता, किंवा गॅस गळत होता. गॅसची गळती त्यानं इतक्यांदा वापरली होती, की गल्लीतला शेगडी दुरुस्त करणारा त्याला बघितलं की तोंड फिरवायचा.

प्रेक्षकही काही दूधखुळे नव्हते. पांढरा कोट दिसला की ते वाट्या विसळायला उठायचे. "हे वरच्या लोकांसाठी असतं, आपल्यासाठी नाही," असं म्हणायचे.

देमाओच्या घरात मात्र एक भूत खरंच होतं आणि ते नेमकं त्यालाच दिसत नव्हतं. त्याचे वडील जन्मभर गावाचे केस कापून वारले होते. दरवर्षी सातव्या महिन्यात, भुतांच्या महिन्यात, ते येऊन आपल्या वेताच्या खुर्चीत बसतात आणि सूर्यफुलाच्या बिया फोडतात, असं आई सांगायची. सकाळी खुर्चीखाली टरफलंही दाखवायची. देमाओ शेजारीच बसलेला असायचा, पण त्याला रिकामी खुर्ची तेवढी दिसायची.

"तुला कसे दिसतील?" आई म्हणायची. "भूत खोटं, भूत खोटं लिहून पोट भरलंस. रुसलेत ते तुझ्यावर."

ऐकणारे हसायचे. देमाओला मात्र ते लागायचं, फार लागायचं.

यंदा आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. "माओ, दिसतंय तोवर तुझ्या बाबांना एकदा सिनेमात घाल," ती म्हणाली. "खुर्चीत बसलेले, बिया खाताना. शेजारणी मला वेडी म्हणतात. त्यांनाही बघू दे एकदा."

देमाओनं जीव ओतून लिहिलं. तपासणी समितीच्या फांगबाईंकडून उत्तर आलं: भूत फार गोड आहे. खुलासा कुठे आहे?

आई तेव्हा अळंबी चिरत होती. ही अळंबी सुरी लागली की निळी पडते, आणि कच्ची राहिली तर खाणाऱ्याला पांघरुणावर बोटभर बुटकी माणसं नाचताना दिसतात. पावसाळ्यात गावातलं कुणी ना कुणी त्यापायी दवाखान्यात जातंच, आणि कुणाच्या कढईतलं खाऊन गेलं हे सांजेपर्यंत गावभर होतं.

"आई, ते स्वप्न होतं असं दाखवू?"

"मला झोप लागते कुठं?"

"मग डोक्यात बिघाड?"

"म्हणजे शेजारणींच्या तोंडात साखर पडली."

"गॅस?"

"त्या शेगडीवाल्याला रोज तोंड दाखवायचं असतं मला."

"मग राहिली अळंबी," देमाओ हळूच म्हणाला.

आईची सुरी थांबली. "माझ्या कढईतून आजवर कुणाला एक बुटका दिसलेला नाही. विचार गल्लीत कुणालाही. मेल्या, नवरा गेला तो गेला, आता माझी कढईही बुडवतोस?"

म्हणजे आई वेडी तरी ठरणार, नाहीतर गबाळी तरी. दोन दिवस देमाओला अन्न गोड लागलं नाही. मग त्यानं फांगबाईंना फोन केला.

"अळंबी होती, मॅडम. कच्ची."

"चालेल. पण शिजवली कुणी? म्हातारीनं?"

"नाही, नाही. तिच्या मुलानं. त्याला साधा भात येत नाही. म्हातारीच्या कढईतून कधीच कुणाला काही दिसलेलं नाही, असं डॉक्टर स्पष्ट सांगतो."

"छान. मंजूर." फोन ठेवता ठेवता फांगबाईंनी आवाज खाली आणला. "यिनसाहेब, हे आपल्या दोघांत राहू द्या. माझी आजी येते हो, स्वयंपाकघरात. नुसती उभी राहते. काय ठेवू तिच्यासाठी?"

"बिया ठेवून बघा," देमाओ म्हणाला.

सिनेमा आला त्या दुपारी शेजारणी माजाँगचा डाव मोडून आईच्या घरी, मोबाइल जोडलेल्या टीव्हीसमोर जमल्या. पडद्यावर म्हातारा खुर्चीत बसला, त्यानं पहिली बी फोडली, तशा सगळ्या पुढे सरकल्या. आई पडद्याला नाक लावून बघत होती आणि डोळे पुसत होती. शेवटी पांढरा कोट आला. सवयीनं सगळ्या वाट्या घेऊन उठल्या.

"बसा," आई म्हणाली. "आज शेवट बघायचा."

गल्लीनं जन्मात पहिल्यांदा खुलासा ऐकला. डॉक्टरनं मुलाच्या स्वयंपाकाची अशी काही सालटी काढली, की शेजारणी पोट धरून हसल्या.

"अगदी खरं आहे," आई म्हणाली. "याला पाणी उकळता येत नाही."

यापुढे देमाओच्या हातचं गल्लीत कुणी खाणार नव्हतं, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

शेजारणी पांगल्या. आईनं लसूण घालून अळंबी परतली, चांगली तासभर, आणि एक वाटी वेताच्या खुर्चीपुढे ठेवली. "अहो, पोरानं स्वतःचं नाक कापून घेतलं तुमच्यासाठी. पुरे झाला आता रुसवा." मग ती आणखी भात आणायला आत गेली.

देमाओ खाली मान घालून जेवत होता. शेजारी कट्कन आवाज झाला. त्यानं वर बघितलं. खुर्चीत बाबा बसले होते, टरफल दाताखालून काढत होते आणि त्याच्या वाढलेल्या केसांकडे नापसंतीनं बघत होते.

देमाओचं धंदेवाईक डोकं लगेच खुलासा शोधू लागलं. तो जागा होता. गॅस बंद होता. राहिली अळंबी. पण अळंबी आईनं शिजवली होती, आणि आईच्या कढईतून कधीच कुणाला काही दिसत नाही हे तर खुद्द समितीनं मंजूर केलेलं होतं.

त्यानं टेबलावरची बियांची पुडी बाबांच्या बाजूला सरकवली.