वेलीच्या वाट्याचं पाणी

बाबांना ती वेल डायलिसिसच्या खोलीत मिळाली. माजरीहून आम्ही आठवड्यातून दोनदा चंद्रपूरला जायचो. त्यांच्या शेजारच्या पलंगावर चामोर्शीकडच्या एक म्हाताऱ्या बाई असत. घरी धानाची शेती, पण उपचारासाठी चंद्रपुरात लेकीकडे येऊन राहिलेल्या. चार तास यंत्राला जोडलेली माणसं झोपतात, नाहीतर बोलतात. बाबा मूळचे धान पिकवणाऱ्या घरातले, त्यामुळे दोघांचं धानाच्या रोवणीवर आणि पावसावर बोलणं चालायचं.

एकदा त्या बाईंनी दह्याच्या रिकाम्या डब्यात एक वेल आणली. दोऱ्यासारखे बारीक देठ आणि त्यांना वाटाण्याएवढे हिरवे मणी. लेकीच्या घरी खिडकीत लोंबती होती, त्यातलाच तुकडा.

"पानी कमी देजा, भाऊ," त्या म्हणाल्या. "मनी सुरकुतले की मंगच. जास्त झालं तं मुळं सडते."

"म्हंजे आपल्यासारखीच हाये," बाबा म्हणाले.

महिन्याभराने तो पलंग दुसऱ्या कोणाला मिळाला. त्या खोलीत कोणी कोणाबद्दल विचारत नाही. बाबांनीही विचारलं नाही. घरी आल्यावर मात्र त्यांनी मला तळाला भोक असलेली पसरट कुंडी आणायला लावली. मातीत निम्मी वाळू मिसळली, विटेचा चुरा घातला आणि वेल त्यांच्या खाटेजवळच्या पूर्वेच्या खिडकीत टांगली. बाहेर ठेवली असती तर आमच्याकडच्या उन्हात दोन दिवसही टिकली नसती. खिडकी बंद असली तरी कोळशाच्या खाणीची काळी धूळ आत येतेच. मी शाळेत शिकवते; तिथल्या माझ्या रंगपेटीतला बारीक ब्रश घेऊन बाबा एकेक मणी पुसत बसत. तुटलेला देठ ते नुसता मातीवर आडवा ठेवायचे, आणि पंधरा दिवसांनी त्याला मुळं फुटलेली मला दाखवायचे.

घरात आम्ही दोघंच होतो. आई आधीच गेली होती, मी लग्न केलेलं नाही. बाबा आयुष्यभर खाणीतलं पाणी उपसणाऱ्या पंपावर होते. निवृत्तीनंतर दोन वर्षांतच मूत्रपिंडं निकामी झाली. दिवसभरात पाणी फक्त पाऊण लिटर, चहा आणि वरणाचं पाणी धरून, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सकाळी शाळेत जाण्याआधी मी एक बाटली भरून त्यांच्या उशाशी ठेवायची. माठाला हात लावणार नाही असा शब्द त्यांनी मला दिला होता. त्यांच्या शब्दावर मी कधी शंका घेतली नाही.

वेलीचं पाणी वेगळं. ते माझ्याकडे मागायचे, मी पेलाभर आणून द्यायची. थंडीत हे पंधरा दिवसांतून एकदा व्हायचं. मग उन्हाळा आला, शाळेला सुट्ट्या लागल्या, आणि ते चार दिवसांनी मागू लागले. पुढे दिवसाआड.

"लय तापून राह्यलं, बाई. वेलीले पानी पाह्यजे," ते म्हणत. मी पेला त्यांच्या हातात देऊन स्वयंपाकघरात परत जायची.

त्याच दिवसांत यंत्रावर घेण्याआधी त्यांचं वजन जास्त भरायला लागलं. पाय सुजले. एकदा धाप इतकी लागली की तिथल्या परिचारिकेने मला बाजूला नेऊन विचारलं, पाणी किती देता. मी सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मी घरी येऊन मीठ आणखी कमी केलं, ताक बंद केलं, वरण पातळ केलं होतं ते घट्ट केलं. 

एका सकाळी खिडकी पुसताना माझं लक्ष वेलीकडे गेलं. मणी चपटे होऊन सुरकुतले होते, खालचे तर मनुकांसारखे झाले होते. कुंडीत बोट घातलं. माती सुकून कडेपासून सुटली होती. त्या मातीला कित्येक दिवसांत पाणी लागलं नव्हतं.

 दुसऱ्या दिवशी बाबांनी पाणी मागितलं. मी पेला आणून दिला आणि तिथेच उभी राहिले.

"तू जाय. मी देतो," ते म्हणाले.

"माह्यासमोर द्या, बाबा."

 त्यांनी वेलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नंतर पेला खाली ठेवला.

"मीच पेलो," ते म्हणाले. "पह्यल्यांदा अर्धं वेलीले देल्लं, अर्धं मी पेलो. मंग वेलीले देनंच नाई झालं."

मी चिडले. तुम्हाला मरायचं आहे का, असं मी त्यांना म्हटलं. धाप लागते तेव्हा माझं काय होतं ते तुम्हाला दिसत नाही का, असंही म्हटलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. शाळेत मी मुलांना असं बोलते, आणि तीही अशीच बसतात.

मग ते म्हणाले, "तू मोरीत जाऊन पानी पेतेस. मले आवाज येते."

ते खरं होतं. त्यांच्यासमोर पाणी प्यायला मला लाज वाटायची, म्हणून मी मोरीच्या दाराआड उभी राहून प्यायची. त्यांना बरं वाटावं म्हणून मी ते करत होते. रोज किती वेळा तो आवाज त्यांनी ऐकला असेल, हे मला सुचलंच नव्हतं. मी त्यांच्या खाटेवर बसले. 

मग मी वेल खाली उतरवली. वरून पाणी घातलं तर सुकलेल्या मातीवरून ते नुसतं वाहून गेलं. बाबा म्हणाले, परातीत ठेव. परातीत दोन बोटं पाणी घेऊन कुंडी त्यात ठेवली. माती हळूहळू खालून ओली होत आली. ते होईपर्यंत बाबा पाहत राहिले.

त्यानंतर मी त्यांच्या वाट्याच्या पाण्यातलं थोडं बर्फाच्या साच्यात गोठवू लागले. एक तुकडा ते तोंडात धरत, तो बराच वेळ पुरायचा. दुपारी ओला टॉवेल मानेवर ठेवायची. आणि तहान लागली की मी त्यांच्यासमोर बसून प्यायची.  वेलीचे खालचे देठ गेले, वरचे जगले.

बाबा पुढे दीड वर्ष होते. यंत्रावर असतानाच गेले. मी औषधं आणायला खाली गेले होते. डॉक्टर म्हणाले, तुम्ही पाणी सांभाळलं म्हणून त्यांनी इतके दिवस काढले. मी मान हलवली. वेलीला आता मीच पाणी देते, मणी जरा मऊ लागले की.

त्या उन्हाळ्यात वेलीच्या नावाने ते जे पेले प्यायले, ते बरंच झालं, तेवढी तरी त्यांची तहान भागली, असं मला आता वाटतं. डॉक्टरांना हे मी सांगितलं नाही.