शिशाची माती

माझ्या मावशीची मेंढरं आंधळी व्हायला लागली, तेव्हा तिनं आधी देवापुढं नारळ फोडला, मग जनावरांचा डॉक्टर आणला, आणि शेवटी मला फोन केला. मी पुण्यात दूषित जमिनी तपासण्याचं काम करते. मावशीच्या भाषेत, मातीची डॉक्टर.

मावशी आणि काका कुंभारी गावाच्या पलीकडं माळावर राहतात. त्यांच्या घराला लागून पूर्वी एक भट्टी होती. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून तिथं शिसं वितळवायचे. मावशी लग्न होऊन आली तेव्हा भट्टी जोरात होती. वाळत घातलेल्या लुगड्यांवर राखाडी धूळ बसायची, ती झटकूनच लुगडी नेसायची. पुढं मालक भट्टी बंद करून निघून गेला. शेडचे पत्रेही लोकांनी नेले. जागेवर गवत उगवलं आणि काकांनी तिथंच मेंढरांचं वाडगं घातलं.

मी गेले त्या दिवशी एक मेंढी काटेरी कुंपणाला डोकं लावून दात खात उभी होती. काका तिला वळवून पाण्याकडं न्यायचे, ती पुन्हा कुंपणाशी जाऊन उभी राहायची. मी माती आणि पाणी तपासायला घेऊन गेले. तपासणीत जे निघालं ते फोनवर सांगवेना, म्हणून परत आले. मातीत शिसं होतं, भयंकर होतं.

काकांना ते पटेना. भट्टी जाऊन इतकी वर्षं झाली, किती पावसाळे झाले, मग विष अजून कसं राहील, असं ते विचारत राहिले. मी समजावलं. शिसं कुजत नाही, उडून जात नाही. पावसानंही फारसं वाहून जात नाही, वरच्या वीतभर मातीला चिकटून राहतं. मेंढरू गवत उपटतं तेव्हा ती माती पोटात जाते. माणसाच्या अंगात गेलं तर हाडांत साठतं, आणि बाई पोटुशी राहिली की हाडांतून सुटून बाळापर्यंत पोचतं. हे शेवटचं मी सवयीनं बोलून गेले. ऑफिसात असं रोजच बोलते.

चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या मावशीचा हात थांबला.

मावशीला मूल नाही. तिची दोन बाळंतपणं झाली, दोन्ही बाळं मेलेली जन्मली. सासूनं तिला पांढऱ्या पायाची ठरवलं. कुणाच्या ओटीभरणाला, बारशाला तिला बोलवत नसत. नंतर नंतर बोलावलं तरी ती जात नसे.

तव्यावरची भाकरी जळायला लागली. मावशी म्हणाली, "मंग माजी लेकरंबी त्यानंच गेली व्हय?"

धोका किती, हे आम्ही पुष्कळ माणसांचं मिळून सांगतो. एका बाईच्या दोन लेकरांचं सांगता येत नाही.

"असू शकतं, मावशी. नक्की नाही सांगता येत गं."

तिनं जळालेली भाकरी तव्यावरून काढली. मग म्हणाली, "सासू तर मरून गेली. आता सांगू कुनाला, माजं काय न्हवतं म्हून?"

काका उठून बाहेर गेले.

त्यांनी ती मेंढरं विकली नाहीत, विकूही दिली नसती मी. अधू झालेली एकेक करून मेली. उरलेली मैंदर्गीला काकांच्या भावाच्या रानात नेली. कचेरीत पुष्कळ खेटे घातल्यावर वरची माती खरवडून न्यायचं ठरलं. कुठून कुठपर्यंत खणायचं ते मी चुन्यानं आखत होते. बाभळीच्या कोपऱ्याशी आले तेव्हा मावशीनं माझा हात धरला.

"तितं खनू नका. दोगंबी तितंच हायती."

मला हे माहीत नव्हतं. घरात कुणालाच नसावं, काका सोडून.

तो कोपरा आम्ही खणला नाही. खणता आलं नाही तर जाड थरानं झाकायचं, अशी सोय आमच्या कामात असते. लांबून चांगली माती आणली. पहिली पाटी मावशीनं स्वतः ओतली आणि हातानं सारखी केली, अंगण सारवल्यासारखी.

"आता त्यास्नी धूळ लागायची न्हाय न्हवं?" तिनं विचारलं.

नाही लागणार, असं मी म्हणाले. शिसं तिथंच होतं, त्यांच्याजवळ, आम्ही सगळे गेल्यावरही राहणार होतं. मावशीनं पाटी पालथी घालून झटकली आणि दुसरी भरायला गेली.