समोरच्या घरातले पाणबुडे

आमच्या समोर राहणारे गृहस्थ "बरं आहे" असं तोंडानं कधी सांगत नसत. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करायचे आणि तो आपल्या डोळ्यांसमोर धरायचे. गुडघ्यांचं विचारलं तरी गोल, वरणात मीठ बरोबर आहे का विचारलं तरी गोल. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून तिथे खुणा करतात, हे मला मान्य आहे. पण आमच्या या पार्सिपनी गावात, स्वतःच्या ड्राइव्हवेवर, कोरड्या हवेत?

मुलांनो, तुम्ही त्यांना पाहिलं आहे. तुम्ही अर्विंगहून आजीकडे सुट्टीला आला होता, तेव्हा त्यांनी रबरी फ्लिपर घालून तुम्हाला गवतावर चालून दाखवलं, आणि पुढे आठवडाभर तुम्ही माझ्या पुसलेल्या फरशीवर तसंच फताक फताक चालत होता. त्यांचं नाव लिहीत नाही. मी मनात त्यांना पाणबुडे म्हणत असे, तेच इथे पुरे. मराठी शब्द अडला तर आईला विचारा, फोनला नको.

त्यांचा छंद म्हणजे भूमध्य समुद्रात बुडालेली जहाजं बघणं. जहाज बुडणं ही त्याच्या कप्तानाची नामुष्की. ती बघायला रजा काढून, स्वतःला रबराच्या पोशाखात कोंबून जायचं, यात कसला पराक्रम? परत आले की तो पोशाख घराच्या लाकडी डेकच्या कठड्यावर वाळत घालत. लांबून कोणीतरी माणूसच दुमडून टाकल्यासारखा दिसे. टपालवाली एकदा किंचाळली होती.

दिवाळीच्या कार्यक्रमात ते फोटो दाखवत. सगळे निळे. "हा गंज," ते सांगत, "आणि गंजाच्या आत बघा, ऑक्टोपस." तो कोणालाच दिसत नसे. मागे बटाटेवडे गार होत.

"खाली वेगळंच जग आहे, काकू!"

"आधी वरचं झाडून घ्या," मी म्हणे. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी शिरत नव्हती, इतक्या नळ्या आणि टाक्या. यावरही ते गोल करून दाखवत.

माल्टाजवळच्या एका जहाजाचा त्यांनी कित्येक वर्षं ध्यास घेतला होता. अखेर ते गेले. मुलगी तेव्हा हायस्कूलमध्ये होती, ती त्यांची पाण्यातली जोडीदार. कारण पाण्याखाली एकट्यानं जायचं नसतं. खडकाच्या कडेकडेनं दोघं खाली उतरली. खाली जहाजाचं पुढचं टोक दिसायला लागलं, आणि मुलीनं अंगठा वर केला. आपण 'छान' म्हणून करतो तसा नव्हे. पाण्यात त्याचा अर्थ 'आता वर चला' एवढाच. त्यांनी अंगठा वर केला आणि दोघं वर आली.

ही फजिती माणसानं पोटात ठेवली असती. यांनी ती आमच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, हातात पुरीभाजी घेऊन, सगळ्यांना सांगितली.

"अरे यार, इतक्या लांब नेऊन पोरीनं तुला अंगठा दाखवला!" कोणीतरी ओरडलं. खूप हसले सगळे.

"जोडीदार वर म्हणाला की वर," ते म्हणाले. "कारण विचारायचं नाही. पाण्यात नाही, बोटीवर नाही, घरी आल्यावरही नाही."

"मग जहाज?"

"टोक बघितलं ना."

दुसऱ्या वर्षी कानाच्या डॉक्टरांनी त्यांना कायमचं पाण्याबाहेर काढलं. म्हणजे ते टोक हेच शेवटचं. पुढच्या दिवाळीला तेच निळे फोटो पुन्हा आले, आणि ऑक्टोपस पुन्हा दिसला नाही.

मुलगी पुढे डॉक्टरकीला गेली. पेढे वाटले गेले. मग एका वर्षी, ऐन परीक्षांच्या दिवसांत, मी स्वयंपाकघराच्या खिडकीत कोथिंबीर निवडत असताना तिची गाडी समोर येऊन थांबली. ती उतरली. कपड्यांनी भरलेली टोपली हातात, चेहरा पांढरा. पाणबुडे कचऱ्याचा मोठा डबा ढकलत रस्त्यापर्यंत आले होते. तिनं टोपली खाली ठेवली आणि छातीशी अंगठा वर केला.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. आपलाही अंगठा वर केला. टोपली उचलली आणि दोघं घरात गेली. डबा रस्त्याच्या मधोमध राहिला.

मग फोन सुरू झाले. "काकू, तुम्ही समोरच राहता, कळलं असेलच की! नापास झाली का? का दुसरंच काही?" लोक ढोकळा घेऊन चौकशीला गेले. पाणबुडे दारातच सांगत, "या, चहा घ्या. फक्त कारण विचारू नका."

"अहो, बाप आहात तुम्ही! तुम्हाला तरी सांगितलंय ना?"

"मी विचारलंच नाही."

कोणाला ते खरं वाटेना. ज्यांना वाटलं, ते त्यांना मेषपात्र म्हणाले. ज्या लोकांनी मुलांचे मार्क विचारल्याशिवाय कधी नमस्कारही घेतला नाही, त्यांचं हे मत, तेव्हा ते तितपतच धरा.

"आता काय करते ती?" मीही एकदा कुंपणापाशी विचारलं.

"मध्ये थांबली आहे," ते म्हणाले. "खोलातून एकदम वर यायचं नसतं, काकू. पृष्ठभागाच्या जरा खाली नुसतं तरंगत राहायचं. अंगात मुरलेलं हळूहळू निघून जातं. घाई केली तर माणूस जायबंदी होतो."

तो सगळा वसंत ती डेकवर बसून होती, बापाचं जुनं जाकीट घालून. शेजारी ते संत्री सोलत. एक फोड तिला, एक स्वतःला. मी इतकं रिकामं बसलेलं कुटुंब पाहिलं नव्हतं.

पुढे ती उभी राहिली, आपल्या मनाजोगतं काम करू लागली. ती का परतली होती, ते आयसेलिन गावातल्या साडीच्या दुकानात विचारा. तिथे सगळ्यांना माहीत आहे, आणि प्रत्येकाला वेगळं.

गेल्या वर्षी घर विकून ते मुलीच्या गावी गेले. निघताना मला एक फोटो देऊन गेले. निळा, आणि तळाशी काळपट टोक. मी तो लाँड्री रूममध्ये लावला आहे. समुद्राखाली जाणं हा मूर्खपणा आहे, हे माझं मत अजून तेच आहे.

आता समोर नवे लोक आहेत. डबा वेळेवर बाहेर, वेळेवर आत. तक्रारीला जागा नाही.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण, तुमच्यापैकी एकजण हल्ली फोनवर "ऑल गुड, आजी" एवढंच म्हणतो आणि फोन आईकडे देतो. कोण, ते लिहीत नाही. वरच्या खोलीतली चादर बदललेली आहे. संत्री आणून ठेवली आहेत. परीक्षा असो, काही असो, दारात येऊन अंगठा वर केला की पुरे. बूट मात्र रॅकवर ठेवायचे.

डबा रस्त्यात राहिला तर राहू दे.