इस्त्रीवर घातलेला आळ

सून इस्त्रीच्या दुकानात उभी राहायला लागली आणि गिऱ्हाईक सासूच्या हातात कपडे देईना. सुनेनं इस्त्री केलेली कॉलर दिवसभर मान टाकत नसे. तेवढ्या एका कामाच्या जोरावर ती घरात कुणाचं ऐकून घेत नसे.

मग डाव्या हाताचं सुरू झालं. कोपरापासून बोटांपर्यंत तापलेली तार ओढत न्यावी तशी आग उठायची. मिनिटभर ती दात आवळून उभी राही. मग हात जसाच्या तसा. ना फोड, ना लाली.

"करंट मारतोय," सासूनं निकाल दिला.

वायरमन आला. "मावशी, इस्त्री ठणठणीत आहे. वायर बदलली, प्लग बदलला. आता काय सून बदलू?"

"जीभ बदल तुझी."

पायाखाली लाकडी फळी आली, रबरी चप्पल आली. गल्लीनं नाव पाडलं, करंटबाई. सूनही हसली. दोष इस्त्रीचा असला तर इस्त्री बदलता येते; हाताचा निघाला तर काम जातं.

एका दुपारी गल्लीतली वीज गेली. दोघी कपड्यांवर पाणी शिंपडत बसल्या होत्या. सुनेचा हात पेटला, आणि या खेपेला बोटंही आपोआप उडायला लागली.

सासू बघत राहिली. "वीजच नाही, सूनबाई. आता कुठला करंट?"

तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "ही फिट येतेय."

"पडली नाही, तोंडाला फेस नाही. कसली फिट?"

"काहींना फिटमध्ये नुसतं दुखतं, आजी. क्वचित होतं, पण होतं. पुढं शुद्धही जाऊ शकते. थांबेपर्यंत इस्त्रीला हात नको."

सासूनं इस्त्री धरली, सुनेकडं घड्या आल्या.

"आई, खांद्याला चुणी राहिली."

"घाल घडी गुमान."

गोळ्या लागू पडल्या. दुखणं विरळ होत गेलं, मग दिसेनासं झालं. डॉक्टरकडं जायच्या आदल्या दिवशी सासूच म्हणाली, "त्यांनी हो म्हटलं की धर बाई तुझी इस्त्री. माझी कंबर गेली."

संध्याकाळी घडी घालताना सुनेच्या दोन बोटांत आग चमकून गेली. सासूची पाठ होती. सुनेनं शर्ट थप्पीवर ठेवला. दुसरा उचलला. तोही ठेवला.

"आई, आत्ता आलं होतं."

सासू वळली नाही. "किती वेळ?"

"शिंक येऊन जावी इतकं."

"मग उद्या तेवढंच सांग. रंगवू नकोस." आणि तिनं पुढचा शर्ट इस्त्रीखाली ओढला.